आत्याची फेक

पांढऱ्या आत्याच्या बेकरीत नव्या माणसाला आधी मळायला देत नसत, भट्टीपाशी तर उभंही करत नसत. आधी फेक शिकायची. टेबलापासून हातभर मागे उभं राहायचं, डब्यातून मूठभर मैदा घ्यायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात असा उधळायचा की लांबलचक लाकडी टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा थर बसला पाहिजे. कुठे ढीग नको, कुठे उघडं लाकूड नको. फेक जमली की टेबल मिळालं. नाही जमली तर ट्रे घासत बसायचं, आणि केस पिकेपर्यंत ट्रे घासलेली माणसं मी त्या बेकरीत पाहिली आहेत. एकदा कुणीतरी भाबडेपणानं विचारलं की जवळून चिमटीनं भुरभुरवला तर काय बिघडतं. आत्यानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं पावात खडा घातला होता. "जखमेवर पावडर लावतोयस का?" एवढंच म्हणाली. तो माणूस पुढे टेलरिंग शिकायला गेला.

ती खरी आत्या एकाच मुलीची. पण हाक अख्ख्या गल्लीनं उचलली. पांढरी अशासाठी की तरुणपणापासून तिच्या भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर मैदा बसलेला. आता केसही खरेच पांढरे झालेत. ती म्हणते, हा या धंद्याचा फायदा, म्हातारपण येऊन बसलं तरी कुणाला पत्ता नाही.

बेकरी तिच्या वडिलांची. त्यांना वाटत होतं टेबल मुलाकडे जावं. पण मुलाची, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची, फेक टेबल सोडून सगळीकडे जायची. एकदा तर गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर गेली. आत्या तेव्हा लहान, उलट्या खोक्यावर उभी राहून बघायची. एक दिवस वडील बाहेर गेले असताना तिनं मूठ उचलली, उधळली, आणि परत आलेल्या वडिलांनी टेबलाकडे पाहून खोकं तिच्या पायाखाली नीट सरकवलं. तेव्हापासून टेबल तिचं आणि गल्ला भावाचा. भाऊ आजही सांगतो, "मी हरलो आणि बसायला खुर्ची मिळाली, ती जिंकली आणि जन्मभर उभी आहे." लग्नाचं कुणी काढलं की ती म्हणायची, पहाटेच्या आधी उठणारा नवरा आणा, बघू.

वडील खोकून खोकून गेले. भट्टी लाकडाची होती, भिंती काळ्या, छत काळं, त्यामुळे कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही. धुरानं खाल्लं माणसाला. बेकरी हातात आल्यावर आत्यानं पहिलं काम काय केलं, तर ती भट्टी फोडली. विजेची आणली. भिंती खरवडून चुना मारला. लोकांनी नाकं मुरडली की पावाची चव जाणार. चव कुठेही गेली नाही. मी तिच्या वरच्याच खोलीत राहते आणि कामाच्या जागी हवा खेळती राहावी म्हणून लोकांशी भांडत फिरते. शिवणाची खोली असो, छापखाना असो, जिथे माणसं कोंडून काम करतात तिथे मी नाक खुपसते. तेव्हा अशी बाई आयती खाली राहते म्हटल्यावर मी चारचौघांत तिचं उदाहरण द्यायचे. बघा, धूर घालवला.

पण एका गोष्टीवरून आमचं रोज वाजायचं. खिडकी. आत्या मागचं दार, खिडकी, वरचं झरोक्यासारखं भोक, सगळं गच्च लावून घ्यायची. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मळून ठेवलेल्या उंड्यांना वारा लागला की वर कातडी धरते आणि मग पाव फुगायचं नाव घेत नाही, एका कुशीवर फुटतो. त्यामुळे उंडे लावलेले असेपर्यंत कुणी दार उघडलं की आतून हाक यायची, "दार लाव, खिडकीवाली आली की काय?" खिडकीवाली म्हणजे मी.

माणसाचा एक गमतीशीर हिशेब असतो. रस्त्यावरून धूर सोडत गाडी गेली की नाकाला रुमाल लावतो, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मग घरात येतो, दार लावतो, सुटकेचा श्वास घेतो आणि दिवसभर त्याच कोंडलेल्या हवेत बसतो. आत्याच्या बेकरीत तर हिशेब आणखी सोपा होता. काळं ते वाईट, पांढरं ते अन्न.

मग आली पुतणी, गल्ल्यावरच्या भावाची मुलगी. शिक्षण पुरं करून ती आपणहून टेबलाशी आली, कुणी ढकलली नव्हती. बापाची फेक कशी होती ते सांगून झालंच आहे. मुलीची मात्र आत्याला मागे टाकील अशी. आत्या तोंडावर कधी कौतुक करायची नाही, पण गिऱ्हाइकांना काउंटरवरून आत वाकून बघायला सांगायची. शाळेतून परतणारी पोरं त्या दोघींची फेक बघायला दाराच्या काचेला नाकं लावून उभी राहायची. एकीची मूठ सुटली की दुसरीची, आत सगळा ढग, आणि ढगात दोन हसणारी तोंडं. आत्याच्या मनात पक्कं होतं. टेबल हिचं.

थंडीत पुतणीला शिंका सुरू झाल्या. मग खोकला. मग छातीत शिटी वाजायला लागली. पोती झटकायची पाळी तिची असली की ती जिन्यात येऊन बसायची. रिकामं पोतं उलटं करून आपटून आपटून शेवटचा मैदा काढायचा हा तिथला शिरस्ता, अन्न वाया घालवायचं नाही म्हणून. मी जिन्यात तिला विचारलं तर म्हणाली, चढताना दम लागला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून चढताना दम कसा लागतो हे मला कळलं नाही, पण ती लपवतेय एवढं कळलं. सुट्टीच्या दिवशी हीच पोरगी तिन्ही मजले गाणं म्हणत चढायची.

आत्याचं निदान तयार होतं. नाजूक. "आमच्या वेळी शिंकायला फुरसत नव्हती." ती आयुष्यभर मैदा खात आली होती आणि तिला काही झालं नव्हतं. मी बोलायला गेले की हेच वाक्य तोंडावर यायचं, दार लावल्यासारखं.

शेवटी मीच पोरीला कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. डॉक्टरांशी माझं सहसा पटत नाही, माझं म्हणणं पुरं व्हायच्या आत ते गोळ्या लिहून मोकळे होतात. ही बाई वेगळी निघाली. तिनं छाती तपासली आणि मग कामाचंच विचारत बसली. काय करतेस, कसं करतेस, सुट्टीत कसं वाटतं. ओढायचा फवारा दिला. फुंकर मारायची एक नळी दिली, जोरात फुंकलं की तिच्यातला काटा पुढे सरकतो. आणि सरळ सांगितलं की हा पाववाल्यांचा जुना आजार आहे. बारीक पीठ श्वासातून आत जातं, काहींच्या शरीराला ते सोसत नाही आणि एकदा सोसेनासं झालं की थोडंही पुरतं. फवारा म्हणजे ठिगळ. एक तर हवेतून मैदा जायला हवा, नाहीतर बेकरीतून पोरगी.

पोरीनं दुसरा रस्ता धरला. चष्म्याच्या दुकानात तिला जागा मिळत होती, पहिल्या तारखेपासून. काच, आरसे, थंड हवा, स्वच्छ काम. सांगताना ती आत्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या कडेला चिकटलेलं पीठ नखानं काढत होती.

आत्या भडकली. मैदा पोट भरतो, तो आजार कसा देईल. डॉक्टरीणबाईला कुणी सांगितलं, तिनं कधी उंडा वळलाय का. आणि ही खिडकीवाली कुठून आमच्या घरात शिरली. माझाही पारा काही खाली राहणारा नाही, त्यामुळे गल्लीला त्या दिवशी फुकट करमणूक झाली. भावानं हात वर केले. एकीकडे बहीण, दुसरीकडे मुलगी, मी गल्ल्यावर आहे, मला मधे घेऊ नका.

नळीवर पोरीनं दोन रंगीत ठिपके चिकटवले होते. वरचा हिरवा, सुट्टीच्या दिवसाच्या फुंकरीचा. खालचा लाल, कामानंतरच्या. दोघांत चांगलं बोटभर अंतर. आत्यानं नळी हातात घेतली, उलटसुलट केली, हे जत्रेतलं खेळणं आहे म्हणाली आणि खरी फुंकर कशी असते ते दाखवायला एप्रनला हात पुसून तोंडाला लावली. गाल फुगले, डोळे बाहेर आले. काटा हलला आणि लाल ठिपक्याच्याही खाली थांबला.

भावाला हसू आलं. म्हणाला, ही जन्मभर आमच्यावर फुंकर घालत आली, त्यात संपली असेल. मग बहिणीचा चेहरा बघून त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. आत्यानं पुन्हा फुंकलं. काटा आधीच्याही खाली. तिनं नळी टेबलावर ठेवली आणि म्हणाली की पोरीनं थुंकीनं ओली करून ठेवलीय, ओल्या नळीत काटा अडकतो. मग ट्रे उचलून भट्टीकडे गेली. भट्टीत घालायला ट्रेवर काही नव्हतं.

एवढ्यावर ती मानेल असं मला वाटलं होतं. नाही मानली. नळी खोटी, डॉक्टर शिकाऊ, पोरगी नाजूक. तेव्हा माझं डोकं फिरलं आणि तिला जिथे झोंबेल तिथेच मी बोट ठेवलं. मी म्हटलं, "आत्या, तुझी अर्धी फेक टेबलावर बसतच नाही."

त्या बेकरीत या वाक्यापेक्षा शिवी परवडली असती.

ती म्हणाली तिची चिमूटही वाया जात नाही. वडिलांनी शिकवलेली फेक आहे. मी म्हटलं मग लाव पैज. मी वर जाऊन माझी काळी छत्री आणली. तिनं स्वतःच्या हातानं ओल्या फडक्यानं ती पुसली, माझा भरवसा नाही म्हणून. छत्री उघडी करून आम्ही टेबलाच्या वर, छताच्या पाइपाला टांगली, कुणाचाही हात पोचणार नाही एवढी उंच. मैदा फेकला जातो तो खाली. छत्री वर. फेक सरळ असेल तर छत्री काळीच राहील. हरणारीनं दुसरीचं ऐकायचं. पुतणी त्या दिवशी माझ्याबरोबर दाराबाहेर पायरीवर बसली, आत यायचं नाही म्हणून तिला बजावलं होतं.

त्या सकाळी आत्यानं अशी फेक केली की काय सांगू. मनगट तेवढं हलायचं, खांदा नाही. मूठ सुटायची आणि मैदा टेबलावर धुतलेल्या चादरीसारखा पसरायचा. काचेतून बघताना पुतणी माझ्या कानाशी पुटपुटली की ती मुद्दाम हळू फेकतेय. मी म्हटलं फेकू दे. पोती मात्र तिनं नेहमीसारखीच झटकली, ती फेकीत धरत नाहीत असं तिला वाटलं असणार. काउंटरवरचं पावाचं गिऱ्हाईक छत्रीकडे बघून विचारायचं, छत गळतंय का. भाऊ सांगायचा, अजून नाही.

शेवटचा ट्रे निघाला. भावानं स्टुलावर चढून छत्री काढली आणि जराही न हलवता बहिणीच्या हातात दिली. वरून ती करडी झाली होती, पोती झटकायच्या बाजूला तर पांढरी. आत्यानं तिच्यावर बोट फिरवलं. मागे काळी रेघ उमटली. तिनं बोट बघितलं, मग पाइपाकडे, दिव्याच्या पत्र्याच्या टोपीकडे, कपाटाच्या माथ्याकडे. आणि मग भिंतीवर उंच लावलेल्या वडिलांच्या फोटोकडे. तो फोटो ती दर सुट्टीला स्टुलावर चढून पुसायची. काचेवर पांढरं बसलेलं असायचं. भिंतीचा चुना झडतो, असं तिचं म्हणणं. इतकी वर्षं ती चुनेवाल्याला शिव्या घालत आली होती.

छत्री तशीच धरून ती म्हणाली, "म्हणजे धूर नव्हता."

पुतणी दारातून बोलली. "धूरही असेल, आत्या. पण एकटा नसेल."

आत्या बाहेर पायरीवर जाऊन बसली. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून आत जात होती. पैज मी जिंकले होते. बऱ्याच वेळानं ती उठली, आत आली आणि पुतणीला म्हणाली, "फेकायचं नाही तर मग उंडा लाकडाला चिकटणार नाही कसं, ते दाखव. तुझ्या डोक्यात असेलच काहीतरी, गुपचूप."

होतंच. पोरीनं बारीक चाळणी टेबलाला जवळजवळ टेकवून हलवली, मैदा उडायला जागाच नाही. गोल बनसाठी मैद्याऐवजी तळव्यांना तेलाचं पुसट बोट. आत्या म्हणाली हे तर जखमेवर पावडर लावणं झालं, आणि स्वतःच हसली. पोतं उंचावरून ओतायचं नाही, पिंपात खाली उतरवून मग तोंड सोडायचं आणि झटकायचं तर मुळीच नाही, गुंडाळून ठेवायचं. पोतं सोडताना नाकातोंडाला घट्ट बसणारा मास्क, डॉक्टरीणबाईंनी सांगितला तसा. कोरडा झाडू गेला, ओलं फडकं आलं. उंड्यांवर ओलसर कापड घालायचं म्हणजे कातडी धरत नाही. आणि कातडी धरत नाही म्हटल्यावर खिडकी बंद ठेवायला कारणच उरलं नाही. मी खिडकी उघडायला पुढे झाले तर आत्यानं मला अडवलं. म्हणाली, "थांब, एवढं श्रेय नको घेऊस." आणि स्वतः उघडली. बिजागऱ्या इतक्या गंजल्या होत्या की भावाला हातोडी आणावी लागली. टेबलाच्या टोकाशी हवा बाहेर ओढणारा पंखा बसवला. त्याच्यासाठी मी दुकानदाराशी भांडले ते वेगळं.

पहिल्या तारखेला पुतणी चष्म्याच्या दुकानात गेली नाही. मालकाला जाऊन सांगून आली. पण डॉक्टरीणबाई गोड बोलणारी नाही. तिनं बजावलं की यातून बरं वाटेल, कदाचित पुष्कळ बरं वाटेल, पण शरीर विसरत नाही. फवारा जवळ ठेवायचा, नळीत फुंकत राहायचं, काटा खाली यायला लागला तर हट्ट करायचा नाही. आत्यालाही तपासलं. वयाच्या मानानंही फुंकर कमीच. आत्यानं मुकाट्यानं फवारा घेतला आणि दवाखान्याच्या बाहेर आल्यावर म्हणाली की शिकाऊ असली तरी बाई स्पष्ट आहे.

थंडी परत आली तेव्हा पुतणीचा कामानंतरचा काटा हिरव्या ठिपक्याला टेकायला लागला होता. जिन्यात बसणं थांबलं. आता दर सुट्टीच्या आधी दोघी टेबलाशी उभ्या राहून आळीपाळीनं फुंकतात आणि भाऊ पंच. आत्या अजून एकदाही जिंकलेली नाही. नळी ओली असते, हे तिचं म्हणणं कायम आहे.

एक गोष्ट मात्र कुणी धरून चाललं नव्हतं. आत्याला वास यायला लागला. आपल्याला वास कमी येतो हे तिला ठाऊकच नव्हतं, पाव झाला की नाही ते ती रंगावर ओळखायची. आता टेबलाशी पाठमोरी उभी असताना म्हणते, मागच्या कोपऱ्यातला ट्रे काढा, करपेल. एकदा तर खालून वर हाक मारली की खिडकीवाले, तुझं दूध उतू गेलंय. खरंच गेलं होतं. आता दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारी मी एकटी राहिले नाही.

काचेला नाकं लावणारी पोरं कमी झाली. बघण्यासारखं आत काही उरलं नाही, दोन बायका टेबलावर वाकून चाळणी हलवताहेत. आत्याला ते लागतं. बोलता बोलता तिचं मनगट आपोआप झटकतं, मूठ सुटते आणि मुठीत काही नसतं. मग ती हात एप्रनच्या खिशात घालते.

नव्या माणसाला आजही लगेच मळायला देत नाहीत. आधी परीक्षा. टेबलाच्या वर छत्री टांगतात, पुसून, उघडी. सकाळभर काम करायचं. छत्री काळी राहिली तर टेबल मिळालं. परीक्षा पुतणी घेते, कारण टेबल आता तिचं आहे. आत्या शेजारी उभी राहून छत्री खाली आली की बोट फिरवून बघते. एका नव्या माणसानं विचारलं की मैदा नुसता हवेत गेल्यानं काय बिघडतं, तर आत्यानं त्याच्याकडे पुन्हा तसंच बघितलं, पावात खडा घातल्यासारखं.

छत्री मला अजून परत मिळालेली नाही. मागायला गेले तर आत्या म्हणते, नवी घे, ही बेकरीची आहे.